लोखंडी बैलाच्या डावीकडचा तिसरा दगड

सूयुन मावशी रोज दिवस कलला की मेलेल्या भावाला हाक मारायची, आणि त्याच्या वतीने उत्तर मी द्यायचे. वीस वर्षं. लोक म्हणायचे, हुआन, तुला दुसरा उद्योग नाही का? नव्हता, आणि असता तरी दिलंच असतं उत्तर. शेजारची म्हातारी बांधावर उभी राहून, पाच वर्षांच्या पोराचा कापूस भरलेला अंगरखा हातात धरून ‘लाईशंग, घरी ये रे’ म्हणून ओरडतेय आणि तिच्या घरात ‘आलो’ म्हणायला कुणी नाही, तर तुम्ही काय चुलीकडे बघत बसाल? हाकेला घरातून उत्तर यावंच लागतं, त्याशिवाय भरकटलेला जीव उंबरठा ओलांडत नाही. आधी तिची आई उत्तर द्यायची, मग नवरा. तोही गेला तेव्हा मी. भात ढवळता ढवळता खिडकीतून ओरडायचं, ‘आलो, आलो!’ एवढंच तर काम.

एकदा मी दोन दिवस माहेरी गेले होते. परत आल्यावर मावशी कुंपणापाशी येऊन म्हणाली, “काल उत्तर फार लवकर दिलंस गं. माझी हाक पुरी तरी होऊ द्यायचीस.”

मी म्हटलं, “हो, चुकलंच.” आणि घरात जाऊन दार लावून बसले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आमचं गाव होंगझ सरोवराच्या बांधाला चिकटून आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला आम्ही, आणि पाणी आमच्या छपरांपेक्षा उंच. मधे काय, तर दगडाची भिंत. शेकडो वर्षांची. कुठल्या कुठल्या बादशहांनी बांधली, वाढवली, फुटली तिथे पुन्हा बांधली. एकेक दगड माणसाएवढा लांब, दोन दगडांमधे लोखंडी पाचर ठोकलेली, आणि सांध्यात चिकट तांदळाच्या पेजेत कालवलेला चुना. बादशहांनी पुराला धाक म्हणून बांधावर लोखंडाचे बैल बसवले. आमच्या गावाजवळ त्यातला एक आहे, शिंग मोडलेला. पोरं त्याच्या पाठीवर बसून सूर्यफुलाच्या बिया खातात. सरोवराच्या पोटात एक अख्खं शहर बुडालेलं आहे, त्याच्यावरून आम्ही होड्या हाकतो आणि खेकडे पकडतो. थंडीत लाट आली की भिंतीच्या आत टक टक टक असा आवाज होतो. नवीन सून आली की विचारते, कोण ठोकतंय? आम्ही म्हणतो, गप जेव.

हा बांध उभा आहे तो काही नुसत्या चुन्यावर नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाथरवट तळाचा दगड बसवताना त्याच्याखाली एका जिवंत माणसाचं नाव ठेवतात. कौलाच्या तुकड्यावर खिळ्याने कोरून. मग वरून घण पडतो, आणि ज्याचं नाव, त्याचा जीव भिंतीत. तो माणूस झुरतो, मरतो; भिंत मात्र हलत नाही. म्हणून तर बांधाचं काम निघालं की आया पोरांच्या बाहीला लाल चिंधी बांधायच्या आणि दम द्यायच्या, पाथरवटाने नाव विचारलं तर तोंड उघडायचं नाही. शिवाय घरात पोराला खऱ्या नावाने कुणी हाक मारायचंच नाही. उष्ट्या, कुत्र्या, उकिरडा, काय वाटेल ते म्हणायचं. खरं नाव आई एकदा कानात सांगते आणि ते तिथेच ठेवायचं.

थोरला पूर आला त्याच्या पुढच्या वर्षी बांधाची दुरुस्ती निघाली. सूयुन तेव्हा आठ वर्षांची. घरात तिला ‘मोठी’ म्हणत आणि पाच वर्षांच्या भावाला ‘उष्ट्या’. पुरात घर वाहून गेलेलं, आई बांधावरच्या झोपडीत चुन्यासाठी तांदळाची पेज शिजवायला जायची. मोठी दिवसभर भावाला कंबरेवर घेऊन ती पेज ढवळायची, दाट किती, पातळ किती, सगळं बघायची. एक दिवस बदकाचं अंडं मिळालं. एकच. आईने ते अख्खं उष्ट्याला दिलं.

“अर्धं नाही गं, चव तरी?” ही गोष्ट सांगताना ऐंशी वर्षांनीसुद्धा मावशीचा आवाज चिरकायचा. “मी त्याला दिवसभर वागवायचं आणि माझ्या हातावर टरफलं! माझं डोकंच फिरलं बघ.”

ती तडक गेली लोखंडी बैलापाशी. तिथे एक म्हातारा पाथरवट दगड टाकी मारून सारखा करत होता. त्याने खिशातून धान्याच्या साखरेचा चिकट खडा काढला आणि हसत विचारलं, “काय गं पोरी, नाव काय तुझं?” मोठी हुशार. स्वतःचं नाव नाही सांगितलं, भावाचं खरं नाव सांगितलं. म्हणाली, “बियान लाईशंग.” खडा घेतला आणि पळाली. अर्धा चघळला, अर्धा खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने चुन्याच्या ढिगाआडून पाहिलं. पाथरवटाने कौलाच्या तुकड्यावर तीन अक्षरं कोरली, आडनावाचं एक आणि नावाची दोन. बैलाच्या डावीकडे तिसरा दगड, अगदी तळाचा. त्याच्याखाली तो तुकडा ठेवला आणि घण मारला. तिला वाचता येत नव्हतं. वाचायची गरजही काय, तिला ठाऊकच होतं.

त्याच संध्याकाळी घरी आली तर उष्ट्याच्या तोंडाला साखर चिकटलेली. हिने खिशात हात घातला, खिसा फाटका, खडा गायब. चोर! दिली एक ठेवून कानाखाली. तो भोकाड पसरून म्हणाला, “माझीच होती! आजोबांनी मला दिली!”

“वर तोंड करून खोटं बोलतोस?” म्हणून तिने आणखी एक दिली.

बारा दिवसांनी तो तापाने गेला. गावात त्या वर्षी ताप घरोघर होता, अनेक पोरं गेली. पण बाकीच्या पोरांच्या बहिणींनी कुणाचं नाव विकलं नव्हतं.

आईला तिने सांगितलं नाही. आईने भोळेपणाने पोराचा अंगरखा घेऊन बांधावर जाऊन हाका मारल्या, तसा इथला रिवाजच आहे. सात दिवसांनी आई थांबली. मोठी थांबली नाही. आई म्हणाली, “पुरे गं, तो नाही येत आता.” ती म्हणाली, “तू फक्त घरातून उत्तर दे.” आईने मरेपर्यंत दिलं.

मावशीचं सगळं आयुष्य मग त्या दगडाभोवतीच गेलं. अठराव्या वर्षी सरोवरापलीकडे लग्न करून दिलं. महिन्याभरात हाडांचा सापळा होऊन परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. शेवटी नवराच बिचारा होडी घेऊन इकडे राहायला आला. मूलबाळ झालं नाही. तालुक्याच्या बाहेर तिला कधी जाता आलं नाही. मोटार दुसरा पूल ओलांडायची आणि ही बेशुद्ध. वैद्य म्हणायचा, नाडी सापडत नाही, ही जिवंत आहे कशी? बांधावर कुठेही घण पडला की हिच्या छातीत दुखायचं. आम्ही समजायचो, मनाला खातं बाईच्या. तीही तेच समजायची.

पुढे गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा ती पहिल्या रांगेत. ती सगळ्यात आधी काय लिहायला शिकली असेल? ‘बियान लाईशंग’. गुरुजींनी विचारलं, नवऱ्याचं नाव का? म्हणाली, नाही, बांधाचं.

मग आलं भट्ट्यांचं वर्ष. लोखंड वितळवायचं वेड लागलेलं, घरातल्या कढया गेल्या, दारांच्या कड्या गेल्या, आणि लोक बांधाच्या पाचरा उपटायला निघाले. सूयुन मावशी त्या दगडाच्या बरोबर वर, बांधावर, तीन दिवस बसून राहिली. गावप्रमुखाने सांगितलं, ऊठ. ती म्हणाली, “माझ्यासकट वितळवा.” तिचा दगड वाचला. इतर ठिकाणचे पाचर नसलेले दगड ढिले झाले आणि लोकांनी ते उचलून नेऊन डुकरांचे गोठे बांधले. लाज वाटते सांगायला, पण माझ्या सासऱ्याच्या गोठ्यात चार होते. मावशी दरवर्षी येऊन गोठ्यापुढे उभी राहायची आणि सासऱ्याला ऐकवायची, “पाणी येईल तेव्हा डुकरांनाच सांग हो बांध धरायला!”

असं सगळं चाललं होतं, आणि ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली तेव्हा सरकारला एकदम आठवलं की हा बांध म्हणजे मोठा वारसा आहे. फुगलेले दगड काढायचे, पुन्हा बसवायचे, जुन्याच पद्धतीने चुना भरायचा. गोठ्यांतले दगड गोळा झाले. नानजिंगहून थाओ साहेब नावाचे इंजिनियर आले, चष्मा, गळ्यात मफलर, प्रत्येक दगडावर खडूने आकडा. त्यांच्या माणसांचा स्वयंपाक माझ्याकडे. म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ऐकीव सांगत नाही.

मावशी पहिल्याच दिवशी काठी टेकत हजर. “साहेब, बैलाच्या डावीकडचा तिसरा दगड, तळाचा, तेवढा उचला.”

थाओ साहेबांनी वही पाहिली. “अकरा नंबर? आजी, तो ठणठणीत आहे. त्याला हात लावायचा नाही. फक्त वरचे दोन थर निघतील.”

“त्याच्याखाली माझा भाऊ आहे.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हाडं नाहीत हो साहेब, नाव आहे.” त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या दगडावर खडूने आकडा घातला.

गावातही कुजबुज सुरू झाली. नाव काढलं आणि बांध खचला तर? आमच्या गल्लीतल्या बायका मला म्हणाल्या, तू तिला समजाव. मी गेले समजवायला. मावशी अंथरुणावर बसून त्या इवल्याशा अंगरख्याचा उसवलेला काठ शिवत होती.

“हुआन,” ती म्हणाली, “महिन्याभरात वरचे दगड परत बसतील. नवा चुना भरला की पुढची दोनशे वर्षं कुणी तिथे हात घालणार नाही. आणि मी आज आहे, उद्या नाही. मी मेल्यावर त्याला हाक कोण मारणार? तू? तुझे गुडघे बघ आधी. मला त्याला घरी आणायचाय गं. जाताना बरोबर न्यायचाय. एवढंच.”

मग मी काय समजावणार, कपाळ! मी सुईत दोरा ओवून दिला आणि परत आले.

तिला दगड मिळाला तो चुन्यामुळे. साहेबांच्या माणसांचा चुना धरत नव्हता. पेज करायचे, कालवायचे, सांध्यात भरायचे. चार दिवसांत भेगा. पुस्तकं उघडली, नानजिंगला फोन झाले. मावशी रोज बाजूला दगडावर बसून बघायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. एक दिवस तिला राहवेना.

“ही पेज आहे का तोंड धुवायचं पाणी?”

थाओ साहेब वळले. “म्हणजे?”

“तांदूळ कण्या होईपर्यंत नाही शिजवायचा. पार विरघळला पाहिजे. काठी उचलली की तार तुटता कामा नये. आणि गार करून काय ओतताय त्यात? गरम ओता! माझ्या आईने दोन हिवाळे पेज शिजवली आहे इथे, या हातांनी ढवळली आहे मी.”

त्यांनी तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. पाच दिवसांनी साहेबांनी सांध्यावर हातोडी मारून पाहिली. हातोडी परत उडाली. ते उठून मावशीपाशी आले आणि खाली वाकून म्हणाले, “आजी, अकरा नंबर उद्या सकाळी.”

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव बांधावर. मावशी नवे जोडे घालून आली, काखेत अंगरखा. लोखंडी पाचर काढली, साखळ्या लावल्या, दगड करकरत वर आला. खाली काळा पडलेला चुना, आणि चुन्यात अडकलेला एक कौलाचा तुकडा. खरं सांगते, तोवर मी अर्धं खरं, अर्धं म्हातारीचं मन असंच धरून चालले होते.

साहेबांनी तुकडा पाण्यात बुडवून तिच्या हातात दिला. ती अंगठ्याच्या नखाने चुना खरवडू लागली. मी म्हटलं, मावशी, द्या मी करते; तिने कोपराने मला बाजूला सारलं. पहिलं अक्षर दिसलं, ‘बियान’. ती पुटपुटली, “आला रे आला माझा राजा.” मग दुसरं अक्षर वर आलं, आणि तिचं नख थांबलं. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. दुसरं अक्षर ‘लाई’ नव्हतं.

तिने तिसरं अक्षर खरवडलं. सावकाश. घाई कशाची आता.

बियान सूयुन.

खाली भिंतीवर पाणी आपटत होतं, टक टक टक. मावशी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. तिचा चेहरा मला वाचता येईना. मग ती माझ्याकडे वळली, आणि आठ वर्षांच्या पोरीसारखं तिचं तोंड वाकडं झालं.

“माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं गं. आईला, आणि त्याला. मीच शिकवलं होतं त्याला, गंमत म्हणून. तुझं खरं नाव हे, माझं हे. कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं. दहा वेळा म्हणून घेतलं होतं.”

“मावशी...”

“खरं बोलत होता गं तो.” ती आता मोठ्याने रडायला लागली. “साखर त्याचीच होती. त्याला दिली होती म्हाताऱ्याने. मी त्याला चोर म्हटलं. दोनदा मारलं मी त्याला, हुआन, दोनदा!”

मीही रडले, कशाला लपवू. दोन पोरं, एक दिवस मागेपुढे, एकेका खड्यासाठी, एकमेकांना विकून आलेली. त्या पाथरवटाने दोन नावांतलं हिचं का उचललं, देव जाणे. पोर तापानेच गेलं होतं. आणि ही ऐंशी वर्षं भावाला भिंतीतून बाहेर बोलावत होती, आत मात्र स्वतः होती. दुसऱ्या पुलापलीकडे जाता न येणारी, नाडी न सापडणारी, घण पडला की छाती धरणारी. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि एकालाही दिसलं नाही.

संग्रहालयाचा माणूस पुढे आला. म्हणाला, ही वस्तू नोंदवावी लागेल, काचेत ठेवावी लागेल. मावशीने डोळे पुसले आणि कौल अंगरख्यात गुंडाळून छातीशी धरलं. “नाव माझं आहे,” ती म्हणाली. “घ्यायला ये माझ्याकडून.”

थाओ साहेबांनी त्या माणसाकडे पाहिलंच नाही. वही उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत लिहिलं, “दगड अकरा. खाली काहीही आढळलं नाही.” मग माणसांना ओरडले, “गरम पेज आणा, उभे काय राहिलात?”

त्या संध्याकाळी मी चूल पेटवली, भात चढवला आणि खिडकीशी कान लावून बसले. हाक आली नाही. दिवस कलला, होड्या लागल्या, बदकं घरी आली, तरी नाही. मी भात तसाच टाकून धावले. मनात नको नको ते आलं.

मावशी अंथरुणावर भिंतीला टेकून बसली होती. कौल मांडीवर. “आलीस? बरं झालं. माझा तो निळा अंगरखा घे खुंटीवरचा. आज तू हाक मार. मी घरातून उत्तर देते.”

मी अंगरखा घेतला. गुडघे कुरकुरत होते, तरी बांध चढले. बैलापाशी उभी राहिले, अंगरखा पाण्याकडे धरला आणि ओरडले, “सूयुन मावशी, घरी या!”

उत्तर नाही. पुन्हा ओरडले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नाही. मी घाबरीघुबरी होऊन खाली आले, तर बाई तशीच बसलेली, डोळे उघडे.

“काय हो, उत्तर का देत नाही? माझा जीव गेला ना!”

“अशी कशी येईन मी?” ती म्हणाली. “ज्याने मला तिथे ठेवलं त्याने बोलवायला हवं ना. तो मला मावशी म्हणायचा का? ताई म्हणायचा.”

मी पुन्हा बांध चढले. तोवर पाणी काळं पडत चाललं होतं, आणि अकरा नंबरच्या सांध्यातून नव्या चुन्याची वाफ येत होती. इतकी वर्षं मी त्याच्या वतीने ‘आलो’ म्हटलं होतं, पण त्याच्या वतीने हाक कधी मारली नव्हती. अंगरखा वर धरला आणि जमेल तेवढं ओरडले.

“ताई, घरी ये! ताई, घरी चल गं!”

खालून, तिच्या घरातून, स्पष्ट आवाज आला.

“आले रे, आले.”